महानसांतील सेवकांची शरीररक्षा

प्राचीन वैद्यकग्रंथांतील अन्नरक्षेचा भाग आजवर मुख्यत्वेंकरून दोन प्रकारच्या अभ्यासकांनीं वाचला आहे. विषविद्येचा इतिहास लिहिणारांनीं त्यांत विषपरीक्षा पाहिली आणि राजनीतीच्या अभ्यासकांनीं राजाच्या जिवाची काळजी पाहिली. पदार्थांच्या इतिहासाकडेही विद्वानांचें लक्ष गेलें, कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं जिलबीसारख्या पदार्थाचा माग पोथ्यांतून कसा काढला, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु जो मनुष्य कढईपुढें उभा राहतो, पानांवर वाढतो, पेला भरून पुढें करतो, त्याच्या डोळ्यांचें, हाताचें व छातीचें काय होत असे, हा प्रश्न त्याच ग्रंथांस विचारलेला सहसा आढळत नाहीं. प्रस्तुत लेखांत तो विचारून पाहिला आहे. उत्तरें त्रोटक मिळतात, आणि तीं मिळविण्यासाठीं ग्रंथाचें तोंड जिकडे आहे त्याच्या उलट बाजूस उभें राहून वाचावें लागतें.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिला अध्याय अन्नपानाच्या रक्षणाविषयीं आहे. निर्णयसागर छापखान्यानें डल्हणाच्या निबंधसंग्रह टीकेसह छापलेली प्रत बहुतेकांच्या संग्रहीं असेलच. त्या अध्यायांत महानसाचें, म्हणजे राजाच्या स्वयंपाकघराचें, जें वर्णन येतें तें असें: जागा प्रशस्त दिशेची, मोठी व स्वच्छ असावी, भांडीं शुद्ध असावींत, जाळीच्या खिडक्या असाव्यात, वर छत बांधलेलें असावें, आणि आंत केवळ विश्वासू माणसांचा वावर असावा. सेवकांविषयीं म्हटलें आहे कीं, ते शुचि, कुशल व विनयशील असावेत. त्यांनीं केस व नखें कापलेलीं असावींत, स्नान केलेलें असावें, डोक्यास वस्त्र बांधलेलें असावें. वरण करणारे, भात करणारे, अपूप करणारे व अन्न वाहून नेणारे हे सर्वजण वैद्याच्या हुकमतींत राहावेत, असेंही तेथें सांगितलें आहे. आजच्या एखाद्या मोठ्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरांत भिंतीवर लावलेले नियम वाचले तर हींच कलमें सांपडतील. डोक्याच्या वस्त्राच्या जागीं कागदी टोपी आली, इतकेंच. मात्र या सर्व नियमांत सेवकाच्या अंगाची स्वच्छता ही खाणाराच्या हितासाठीं आहे. जाळीची खिडकी धूर जाण्यास उपयोगीं पडत असली तरी ती आचाऱ्यासाठीं ठेवावी, असें ग्रंथकार म्हणत नाहीं.

यानंतर विष घालणारा ओळखावा कसा, हें येतें. विचारलें असतां तो उत्तर देत नाहीं, बोलूं लागला तर गोंधळतो, निरर्थक बोलतो, बोटें मोडतो, जमीन उकरतो, कांपतो, इकडेतिकडे पाहतो, त्याचा चेहरा उतरतो, अशीं लक्षणें दिलीं आहेत. इथपर्यंत सुश्रुत व इतर नीतिकार यांत फारसा भेद नाहीं. पण लगेच पुढें संहिताकार एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे माझ्या मतें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. तो म्हणतो कीं, राजाच्या भयानें किंवा त्याच्या आज्ञेमुळें झालेल्या घाईनें चांगलीं माणसेंही वाईटांसारख्या चेष्टा करतात. म्हणून राजानें सेवकांची परीक्षा आस्थेनें करावी. वैद्यानें लिहिलेलें हें वाक्य आहे. ज्यानें अनेक घाबरलेले चेहरे जवळून पाहिले असतील, त्यालाच तें सुचावें.

त्याचें मोल कळण्यासाठीं कौटिल्याकडे वळलें पाहिजे. अर्थशास्त्राची पोथी म्हैसुरास आर. शामशास्त्री यांच्या हातीं इ. स. १९०५ मध्यें आली व इ. स. १९०९ मध्यें ती छापून निघाली, पुढें रा. प. कंगले यांनीं सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें इ. स. १९६० मध्यें प्रसिद्ध केली. पहिल्या अधिकरणांतील आत्मरक्षणाच्या प्रकरणांत माहानसिकानें, म्हणजे मुख्य आचाऱ्यानें, सुरक्षित जागीं चव घेत घेत सर्व पाक करवावा, आणि राजानें अग्नीस व पक्ष्यांस बलि देऊन मगच जेवावें, असा नियम आहे. औषधाचीही तीच रीत. वैद्यानें तें पाचकाकडून व वाटणाराकडून चाखवावें, स्वतः चाखावें, मग राजास द्यावें. पाणी व मद्य यांसही हाच न्याय लावलेला आहे. चाखणें हा या माणसांच्या नोकरीचा भाग होता. चाखणारा मेला तर अन्न विषारी ठरे, म्हणजे त्याचा देह परीक्षेच्या उपकरणांपैकीं एक होता; फरक एवढाच कीं, कावळ्यास व माशीस ठाऊक नसे, त्याला ठाऊक असे.

याच प्रकरणांत विष देणाराचीं लक्षणें आहेत. तोंड सुकणें व काळवंडणें, वाचा अडखळणें, घाम, जांभया, अतिशय कंप, पाय घसरणें, बोलतांना इकडेतिकडे पाहणें, कामांत अस्वस्थता, आणि आपल्या जागीं स्थिर न राहणें. ही यादी शास्त्र म्हणून न वाचतां क्षणभर एखाद्या आचाऱ्याचें वर्णन म्हणून वाचून पाहावी. वैशाखाचा महिना आहे, दुपारची वेळ आहे, चार चुली पेटलेल्या आहेत, आणि मनुष्य पहाटेपासून त्यांच्यापुढें उभा आहे. त्याचें तोंड सुकणार नाहीं काय? तो घामानें निथळणार नाहीं, त्याचा पाय लटपटणार नाहीं, तो जागा सोडून दाराच्या वाऱ्याशीं जाणार नाहीं काय? उष्णतेचा अतिरेक झाला म्हणजे तहान, घाम, भोंवळ, अशक्तता, तोल जाणें व पुढें बोलण्यांत गोंधळ अशीं लक्षणें होतात, हें आजचें वैद्यक सांगतें. कौटिल्याच्या यादींतील निदान पांच लक्षणें तींच आहेत. म्हणजे महानसांतील श्रमानें जो विकार जडतो, तोच अपराधाचा पुरावा म्हणून मांडलेला आहे. आचाऱ्याचा व्यवसायजन्य धोका केवळ भाजण्याचा नव्हता. भट्टीच्या तापानें आलेली घेरी ही त्याच्यावर आळ आणूं शकत होती, आणि या आळाचें प्रायश्चित्त काय असेल तें सांगण्याची गरज नाहीं.

कौटिल्यास हें कळत नव्हतें, असें माझें म्हणणें नाहीं. तो संशयशास्त्र लिहीत होता, रोगनिदान नव्हे. परंतु सुश्रुताचें वाक्य त्याशेजारीं ठेवलें म्हणजे दोन शास्त्रांची दृष्टि कोठें वेगळी होते तें स्पष्ट दिसतें. विशेष असें कीं, वैद्याचा हा सावधपणा पुढें धर्मशास्त्रांतही दिसतो, आणि तोही आपल्या दक्षिणेंत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत दुष्ट वादी व साक्षी ओळखण्याचीं लक्षणें जवळजवळ अशींच आहेत. तो एका जागेवरून दुसऱ्या जागीं जातो, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळास घाम येतो, चेहऱ्याचा रंग पालटतो, वाणी सुकते व अडखळते. यावर कल्याणीच्या चालुक्य दरबारांतील विज्ञानेश्वर मिताक्षरेंत बजावतो कीं, यांनीं दोषाची केवळ संभावना कळते, निश्चय होत नाहीं. कारण स्वाभाविक विकार कोणता व निमित्तानें झालेला कोणता, हें ओळखणें कठीण आहे. सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६ ते ११२६) आश्रयानें लिहिणाऱ्या या यतीच्या डोळ्यांपुढें न्यायसभा होती, चूल नव्हती. तरी त्याचा युक्तिवाद आचाऱ्यास जशाचा तसा लागू पडतो; चुलीची धग हें निमित्त नव्हे तर दुसरें काय?

आतां मुख्य मुद्द्याकडे. विषारी अन्नाचे परिणाम सुश्रुत क्रमानें सांगतो. प्रथम बलि खाणाऱ्या माशा व कावळे मरतात. मग अन्न अग्नींत टाकलें असतां तो तडतडतो, ज्वाळा मोराच्या मानेच्या रंगाची होते व धूर तीक्ष्ण निघतो. त्यानंतर अन्न जवळ ठेवलें असतां त्याची वाफ वर चढून हृदयांत पीडा, डोळ्यांची भ्रांति व मस्तकशूळ होतो. त्यावर कुष्ठ, नलद इत्यादि द्रव्यांचें मधासह नस्य व अंजन आणि हृदयावर चंदनाचा लेप सांगितला आहे. मग हातास लागलें तर हाताची आग होते व नखें गळतात. त्यावर उत्पलादि द्रव्यांचा लेप. पुढें तोंड, आमाशय, पक्वाशय असा क्रम चालतो. प्रश्न असा कीं, हें हृदय, हे डोळे व हा हात कोणाचा? संहितेंत कर्ता दिलेला नाहीं. रूढ समजूत अशी कीं सर्वत्र राजाच.

मला तें पूर्णपणें पटत नाहीं. अग्निपरीक्षा करणारा राजा नसतो. तीक्ष्ण धूर ज्याच्या नाकांत शिरतो तो महानसांतील सेवक होय. वाफ उठते ती अन्न जवळ आणून ठेवतांना, आणि त्या वेळीं पात्रावर ओणवा झालेला असतो तो वाढणारा. राजास ती वाफ लागली तरी त्याच्यानंतर लागणार. वाफेचें वाक्य म्हणूनच प्रथम वाढप्याच्या देहाविषयीं आहे, असें मी समजतों. हाताविषयीं मात्र मी इतक्या निश्चयानें बोलणार नाहीं. आपल्याकडे जेवण हातानें होतें. हातानंतर लगेच तोंडाचा उल्लेख येतो, तेव्हां तो हात जेवणाराचा असेल, हा आक्षेप बरोबर आहे. कालविणाराचा व घास घेणाराचा असे दोन्ही हात त्या वाक्यांत सामावतात, एवढेंच म्हणतां येईल. शिवाय याच अध्यायांत पुढें विषारी अभ्यंगतेलाचे परिणाम येतात, तेथें तेल लावून घेणाराच्या त्वचेचेंच वर्णन आहे. तें तेल ज्याच्या तळहातांतून गेलें, त्या अंगमर्दकाचा विचार संहिताकारास झालेला नाहीं. माझ्या मताविरुद्ध जाणारी ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. तथापि वाफेचा उपचार सांगतांना ‘राजाचा’ असें विशेषण ग्रंथकारानें लावलें नाहीं, आणि नस्य, अंजन, लेप हे उपाय साधे आहेत. ते वाढप्यावरही होत असतील असें मानण्यास ग्रंथाची आडकाठी नाहीं.

महानसांतून पानागारांत, म्हणजे मद्याच्या दुकानांत, गेलें तर चित्र अधिक उघडें आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. पानागारास अनेक खोल्या असाव्यात, निरनिराळीं आसनें व शय्या असाव्यात, गंध, माला व पाणी ठेवावें, सर्व ऋतूंत तें सुखकर असावें. ही झाली गिऱ्हाइकाची सोय. तेथें झिंगून निजलेल्या गिऱ्हाइकाचा दागिना किंवा वस्त्र गेलें तर दुकानदारानें भरून द्यावें व तेवढाच दंडही द्यावा. दुकानदारानें आपल्या सुंदर दासींकडून, बंद खोल्यांत, निजलेल्या परकीयांचे मनोभाव काढून घ्यावेत, असेंही सांगितलें आहे. मद्यपी पुरुषांजवळ एकांतांत हेरगिरी करण्याचें हें काम किती जोखमीचें असेल, याचा विचार करण्यास कौटिल्य थांबत नाहीं. किण्वाची निवड, म्हणजे आंबवणाचें काम, स्त्रिया व मुलें यांनीं करावें, असें एक लहान वाक्य आहे. त्या दमट, उग्र वासाच्या जागेंत मुलें बसत होतीं, हें त्यावरून कळतें. आणि सर्वांत बोलकें वाक्य बिघडलेल्या दारूविषयीं आहे. ती नेहमींच्या ठिकाणीं विकूं नये. अन्यत्र विकावी, किंवा दास व कामकरी यांस वेतन म्हणून द्यावी, किंवा ओझ्याच्या जनावरांस पाजावी, डुकरांस घालावी. एकाच ओळींत मजूर, बैल व डुकर! पुष्कळ वर्षें हें प्रकरण मी कररचनेच्या दृष्टीनें वाचीत आलों. या वाक्यावर माझी दृष्टि पूर्वीं कधीं अडखळली नव्हती, हें मला कबूल केलें पाहिजे.

भाजण्याविषयीं व धुराविषयीं सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील बारावा अध्याय पाहावा. तो डागण्याच्या क्रियेविषयीं आहे, स्वयंपाकाविषयीं नाहीं. पण प्रमादानें भाजलेल्यांचा विचार त्यांत ओघानें येतो. दग्धाचे चार प्रकार करून तेथें म्हटलें आहे कीं, तापलेला स्नेह सूक्ष्म शिरांच्या मार्गानें त्वचेंत झटकन शिरतो, म्हणून तेलातुपानें भाजल्याची वेदना अधिक असते. कारणमीमांसा आजच्या शास्त्रास मान्य होणार नाहीं. निरीक्षण मात्र बिनचूक आहे, आणि तें कोठें झालें असेल याविषयीं शंका कशास? विज्ञानेश्वराच्या आश्रयदात्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (इ. स. ११२९), गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेल्या प्रतीप्रमाणें, अन्नभोगांत पूरिका, वटक, इडरिका, धोसक असे पदार्थ ओळीनें येतात. सोमेश्वर चवीचा मोठा जाणता, त्याचा विषय भोक्त्याची जीभ. पण त्यांतील प्रत्येक तळलेल्या पदार्थामागें उकळत्या तेलावर धरलेला एक हात आहे.

त्याच सूत्राध्यायांत धुरानें पीडित झालेल्याचीं लक्षणें आहेत. श्वास जोरानें चालतो, शिंका व खोकला येतो, डोळे जळतात व लाल होतात, धुराशिवाय दुसरा गंध कळत नाहीं, चव जाते, ऐकूं कमी येतें, तहान, दाह व ज्वर होतो, मूर्च्छा येते. वमन, गुळण्या व शिरोविरेचन हे उपाय दिले आहेत. गंध व चव जाणें हें लक्षण आचाऱ्याच्या बाबतींत किती घातक, हें वेगळें सांगावें काय? चव हीच त्याची विद्या.

मुसलमानी अमलांतील पद्धतीविषयीं आईन-इ-अकबरी ही उत्तम साक्ष आहे. अन्न काढतांना आचारी बाह्या व अंगरख्याचे घोळ खोंचून घेत आणि हात नाकातोंडापुढें धरीत. मग आचारी व बकावल चाखीत, त्यानंतर मीर बकावल. बादशाहाच्या तांब्याच्या भांड्यांस महिन्यांतून दोनदां कल्हई होई, राजपुत्रादिकांच्या एकदां. नाकापुढील हात हा श्वास अन्नावर पडूं नये म्हणून. अन्नाची वाफ श्वासांत जाऊं नये म्हणून नव्हे. कल्हईचें तसेंच. तीमुळें खाणारा कळकलेल्या अन्नापासून वांचे. परंतु तापल्या भांड्यावर नवसागर टाकतांच जो पांढरा धूर उसळतो, तो कल्हईवाल्याच्या घशांत व डोळ्यांत जाई. आमच्या लहानपणीं गल्लींत कल्हईवाला बसला कीं मुलें तो धूर पाहावयास भोंवतीं जमत, आणि तो त्यांना दूर हांकी. स्वतः मात्र तो भात्यापासून हलत नसे.

हा पक्षपात जुन्या काळाबरोबर संपला असें समजूं नये. मुंबई इलाख्यांत दुकानें व आस्थापना यांचा कायदा प्रथम इ. स. १९३९ मध्यें झाला, इ. स. १९४८ च्या कायद्यानें उपाहारगृहें व खाणावळी यांतील नोकरांस दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि स्वच्छता व हवा यांचे नियम केले. ही सेवकाच्या बाजूनें केलेली पहिली मोठी तरतूद म्हणतां येईल. उलट अन्नसुरक्षेचे इ. स. २०११ चे विनियम पाहा. अन्न हाताळणाराची वर्षांतून एकदां वैद्यकीय तपासणी व्हावी, त्यास लस टोंचावी, असें त्यांत आहे. तपासणी चांगलीच; पण ती खाणारास रोग होऊं नये म्हणून आहे, आणि कल्पस्थानांतील कापलेल्या नखांच्या ओळींतच ती बसते. तंबाखूच्या धुराचा कायदा यापेक्षां मजेदार आहे. जागतिक कर्करोग-संशोधन संस्थेनें परक्याच्या धूम्रपानाचा धूर कर्करोगकारक असल्याचें इ. स. २००४ मध्यें प्रसिद्ध केलें, व अति तापलेल्या तेलांत तळण्याचा धूर बहुधा तसाच असल्याचें इ. स. २०१० मध्यें. भारतांत सार्वजनिक जागीं धूम्रपानाची बंदी इ. स. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून लागू झाली. तरी तीस व अधिक आसनांच्या उपाहारगृहांस धूम्रपानाची वेगळी खोली ठेवण्याची मुभा राहिली. त्या खोलींत पेला घेऊन कोण जाणार? वाढपीच. इ. स. २०१७ च्या दुरुस्तीनें अशा खोलींत कांहींही वाढण्यास मनाई झाली. तळणीच्या धुराची गोष्ट निराळी. तो आचाऱ्यास आजही चुकलेला नाहीं.

आतां संग्राहकांस विनंती. मराठी अमलांतील मुदपाकखान्याचे जमाखर्च अनेक घराण्यांच्या दप्तरांत आहेत. (हा शब्द संस्कृत ‘पाक’ वरून आला असें पुष्कळांस वाटतें, तो अरबी ‘मतबख’ चा अपभ्रंश आहे.) या कागदांतून आजवर तूप, गूळ व केशर यांचे भाव उतरून घेतले गेले. त्यांतच आचारी, पाणके व वाढपी यांच्या नांवें पडलेला औषधखर्च, भाजल्याबद्दल दिलेलें तूप, डोळ्यांच्या दुखण्यानें कामावरून सुटी, मयताच्या कुटुंबास दिलेली रक्कम, अशा नोंदी शोधाव्यात. नोंद सांपडल्यास सारांश न करतां ती तिथि, रक्कम व नांवासह अक्षरशः नकलून घ्यावी, आणि मागील व पुढील दोन दोन नोंदीही घ्याव्यात; कारण मोठ्या भोजनप्रसंगाच्या दुसऱ्या दिवशीं असा खर्च पडला असेल तर तो संबंध त्यावरूनच कळेल. तसेंच ज्यांच्यापाशीं सुश्रुताच्या कल्पस्थानाची हस्तलिखित पोथी असेल, त्यांनीं राजभयानें सज्जनही दुष्टांसारखे वागतात या अर्थाचा श्लोक तींत आहे किंवा नाहीं, व असल्यास कोणत्या पाठानें, तें पाहावें. नेपाळांत या संहितेची इ. स. ८७८ ची ताडपत्री पोथी आहे; तिच्याशीं ताडून पाहतां येईल इतका स्पष्ट उतारा व पोथीचा शक, लेखक आणि पत्रसंख्या कळविल्यास पुढील विचार करणें सोपें जाईल.